परदेशची सहल: आधी माणसं, मग ठिकाणं

(बचत गटातल्या मैत्रिणींसाठी आमच्या रेडिओवर झालेलं बोलणं)

हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आपण बोलणार आहोत परदेशच्या सहलीबद्दल. हसू नका. परदेश म्हटलं की विमान, व्हिसा, लाखभर रुपये आणि इंग्रजी बोलणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या शेजारी असाही एक परदेश आहे, जिथे आपल्याला व्हिसा लागत नाही, रेल्वे आणि बसने जाता येतं, आणि तिथल्या दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचता येतात, कारण तिथली भाषाही देवनागरीतच लिहितात. तो देश म्हणजे नेपाळ.

आम्ही चौदा जणी तिथे जाऊन आलो. आल्यावर गावागावांतून विचारणा झाली, "कुठल्या कंपनीकडून गेलात? किती खर्च आला?" ते आम्ही सांगूच. पण सहलीत सगळ्यात अवघड काय होतं, तर ठरवणं. चौदा जणी म्हणजे चौदा तऱ्हा. त्या सगळ्यांना झेपेल आणि सगळ्यांना आपली वाटेल अशी सहल कशी आखायची, हे आम्ही चुकत चुकत शिकलो. तेच आज सांगतो.

पहिली बैठक, जी फसली

पहिल्या बैठकीत एका सहल कंपनीचा छापील कागद आमच्यापुढे आला. सात दिवस, पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, पोखरा, मनोकामना. पाच मिनिटांत हात वर झाले आणि ठरलं. फक्त आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या गं. माझं काही नाही." आम्ही समजलो, पैशांची अडचण असेल. दोघी-तिघींनी मदतही देऊ केली. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

चार दिवसांनी विहिरीवर त्यांनी एकीला खरं कारण सांगितलं. गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. बसमध्ये लघवीला थांबवा म्हणायची लाज वाटते, म्हणून प्रवासात त्या पाणीच पीत नाहीत. आणि आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होईल याची भीती. गट सुरू झाला तेव्हापासून एकही हप्ता न चुकवलेली बाई सहलीतून गळणार होती, आणि आम्हाला वाटत होतं की सहल सगळ्यांच्या मताने ठरली आहे.

मैत्रिणींनो, "माझं काही नाही" हे वाक्य आपण बायका फार बोलतो. सहल आखताना ते वाक्य आलं की समजायचं, इथे काहीतरी आहे, नीट विचारायला हवं.

तीन प्रश्न, एकेकीला

मग आम्ही छापील कागद बाजूला ठेवला. गटातल्या दोघींनी प्रत्येकीच्या घरी जाऊन तीनच प्रश्न विचारले. तुला काय बघायचंय? तुला काय झेपत नाही? तू किती दिवस घर सोडू शकतेस? हे चारचौघींत विचारायचं नाही. एकटीला, चहा पिता पिता विचारायचं.

उत्तरं ऐकून आम्हीच चकित झालो. सहा जणींना पशुपतिनाथाचं दर्शन हवं होतं. चार जणींची ओढ लुंबिनीची होती, जिथे भगवान बुद्धांचा जन्म झाला. छापील कागदावर लुंबिनीचं नावच नव्हतं, आणि त्या चौघी बैठकीत त्याबद्दल बोलल्याही नव्हत्या. तिघी तरुण सुनांना बर्फाचे डोंगर आणि तळ्यातली नाव हवी होती. एकीचं मूल तीन वर्षांचं, ते बरोबर येणार. दोघींना रक्तदाब, एकीला साखर. एकीच्या दारात दोन म्हशी, नवरा धार काढेल पण बारा दिवसांच्या वर नाही.

आता खरी सहल दिसायला लागली.

कुठे काय आहे, आणि कोणासाठी

आधी उंची समजून घेऊ, कारण तब्येतीचा प्रश्न तिथेच येतो. काठमांडू साधारण १,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळपास. पोखरा त्याहून खाली, आठशे-नऊशे मीटरवर. इथे कोणाला उंचीचा त्रास होत नाही. मुक्तिनाथ मात्र साधारण ३,७०० मीटरवर आहे. आपल्या महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच! तिथे हवा विरळ असते. डोकं दुखतं, मळमळतं, दम लागतो. हृदयाचा, दम्याचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे जायचंच नाही. आणि वर गेल्यावर त्रास सुरू झाला तर एकच उपाय पहिला, खाली उतरणं. देवाच्या दारात येऊन परत कसं फिरायचं, असं म्हणून थांबायचं नाही.

मुक्तिनाथाला १०८ धारा आहेत, हिंदू आणि बौद्ध दोघेही ते स्थान पवित्र मानतात. जवळून वाहणाऱ्या काली गंडकीत शाळिग्राम सापडतात. ओढ वाटणं साहजिक आहे. पण पोखऱ्याहून रस्त्याने जाऊन यायला दोन-तीन दिवस लागतात. पोखऱ्याहून जोमसोमला छोटं विमान जातं, पण दुपारी तिथे जोराचा वारा सुटतो, म्हणून उड्डाणं सकाळीच होतात आणि हवा बिघडली तर रद्दही होतात. आमच्या चौदा जणींपैकी चौघींना तिथे जाणं धोक्याचं होतं आणि एकीजवळ लहान मूल. म्हणून आम्ही मुक्तिनाथ या फेरीतून काढून टाकलं. दोघी रुसल्या. पण ज्यांना तिथे जायचं आहे त्यांनी वेगळी फेरी करावी, धडधाकट बायकांची, असं ठरलं.

आता लुंबिनी. हे ठिकाण सीमेपासून जवळ, सपाटीवर आहे. तिथे मायादेवी मंदिर आहे आणि सम्राट अशोकाचा दगडी खांब उभा आहे. त्यावरच्या लेखात लिहिलं आहे की बुद्धांचा जन्म इथे झाला, म्हणून या गावाचा कर माफ केला आणि पिकातला फक्त आठवा हिस्सा घ्यायचं ठरवलं. हे आम्हाला तिथे कळलं तेव्हा शेतकरणी म्हणून आम्हाला फार आवडलं. वेगवेगळ्या देशांनी बांधलेले विहार बघायला मोठं आवार फिरावं लागतं, पण तिथे ई-रिक्षा मिळतात, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचीही अडचण होत नाही. आणखी एक गोष्ट. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर महिनाभरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर नेपाळला गेले होते. नोव्हेंबरमध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केलं. आमच्या चौघींसाठी त्यामुळे काठमांडू हेही त्यांचंच ठिकाण झालं.

काठमांडूला पशुपतिनाथ आहे, बागमती नदीच्या काठावर. मुख्य मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश आहे, आणि चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत. तुमच्या गटात वेगळ्या धर्माच्या मैत्रिणी असतील तर हे आधीच सांगा. दारात पोहोचल्यावर कोणाचा अपमान होऊ देऊ नका. नदीच्या पलीकडच्या काठावरून सगळा परिसर दिसतो. तिथे घाटावर प्रेतं जळत असतात, तेही लहान मुलांच्या आयांना आधी सांगावं.

बौद्धनाथचा स्तूप सपाट जागी आहे, त्याला सावकाश प्रदक्षिणा घालता येते. स्वयंभूनाथ मात्र टेकडीवर आहे. पूर्वेकडून तीनशेहून जास्त उभ्या पायऱ्या आहेत. पण मागच्या बाजूने गाडीरस्ता वरपर्यंत येतो, तिथून थोड्याच पायऱ्या चढाव्या लागतात. तरुण बायका समोरून चढल्या, आजी आणि आणखी तिघी गाडीने मागून गेल्या. आम्ही धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा आजी माकडांकडे बघत निवांत बसल्या होत्या. म्हणाल्या, "किती वेळ लावलात गं!"

पोखऱ्याला फेवा तलाव आहे. तळ्याच्या मध्यावर ताल बाराहीचं देऊळ, तिथे नावेतूनच जायचं. पहाटे सारंगकोटवरून बर्फाचे डोंगर दिसतात, गाडी बऱ्यापैकी जवळ जाते. पोखरा ते काठमांडू वाटेत मनोकामना देवी आहे. पूर्वी तिथे डोंगर चढून जावं लागायचं, आता १९९८ पासून पाळण्याची गाडी म्हणजे रोपवे आहे, दहा-पंधरा मिनिटांत वर. वरून देवळापर्यंत थोडं चालणं आहे.

कधी जायचं

पावसाळ्यात नेपाळच्या घाटांत दरडी कोसळतात, तेव्हा नको. पौष-माघात सीमेजवळच्या सपाटीवर दाट धुकं असतं, गाड्या रखडतात. चांगले दिवस दोन, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. पण मार्च-एप्रिलमध्ये आपला गहू, हरभरा, कांदा आणि मुलांच्या परीक्षा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन. शिवाय आपल्या दसरा-दिवाळीलाच त्यांचा दसैं आणि तिहार असतो, सगळा नेपाळ गावाकडे निघतो, बसमध्ये जागा मिळत नाही. आम्ही तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस धरले. खरीप घरात आलेला, रब्बी पेरून झालेली. तुमच्याकडे पीक वेगळं असेल तर तुमचं तुम्ही बघा, पण शेतीचं वेळापत्रक आधी आणि सहलीचं नंतर.

कागदपत्रं

हे नीट ऐका. भारतीय माणसाला नेपाळला व्हिसा लागत नाही. सीमेवर कोणी व्हिसाचे पैसे मागितले तर देऊ नका. पण ओळखपत्र लागतं. पासपोर्ट चालतो, किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. मूळ कार्ड हवं, मोबाईलमधला फोटो नको. १५ ते ६५ वयाच्या माणसांसाठी नुसतं आधार कार्ड धरलं जात नाही. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ च्या वरची मंडळी यांना मात्र फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं, त्यात आधारही चालतं.

आमच्यातल्या पाच जणींचं मतदार कार्ड एकतर हरवलेलं, नाहीतर त्यावर माहेरचं नाव. ते दुरुस्त करायला वेळ लागतो. म्हणून सहल ठरली की पहिलं काम हेच. आणि मैत्रिणींनो, सहल झाली नाही तरी हे काम वाया जात नाही. आपल्या नावाचं, बरोबर नाव असलेलं कार्ड आपल्या पेटीत असणं हे कधीही चांगलं.

पैसे

पहिला नियम: गटाच्या कर्जाच्या पैशांना हात लावायचा नाही. तो पैसा कोणाच्या बियाण्याचा, कोणाच्या दवाखान्याचा आहे. सहलीसाठी वेगळी बचत करायची, वेगळी वही ठेवायची. समजा खर्चाचा अंदाज २४,००० रुपये निघाला, तर महिन्याला १,५०० टाकले की सोळा महिने लागतात. घाई असेल तर दिवस कमी करा, कर्ज काढू नका. अंदाज करताना रेल्वे, गाडी, मुक्काम, जेवण, प्रवेश फी आणि अडीअडचण असे सहा रकाने करा. अडीअडचणीचा रकाना रिकामा ठेवू नका. आपल्या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड नेपाळच्या दवाखान्यात चालत नाही, म्हणून प्रवास विमा काढलेला बरा.

नेपाळचा रुपया वेगळा. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे. दुकानदार किंमत सांगतो तेव्हा विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. आमच्यातल्या एकीने ८०० सांगितलेली शाल ८०० भारतीय रुपये देऊन घेतली. ती होती ८०० नेपाळी, म्हणजे आपले ५००. आपल्या शंभरच्या आणि त्याहून लहान नोटा तिथे चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी बँकेत विचारा आणि शंभरच्या नोटाच जास्त न्या. पाटण, भक्तपूरच्या जुन्या राजवाड्यांच्या चौकात प्रवेश फी असते. आपल्यासारख्या शेजारी देशांच्या लोकांना ती कमी लागते, पण त्यासाठी ओळखपत्र दाखवावं लागतं.

वाटेवर

मुंबईहून नाशिक, मनमाड, भुसावळ करत गोरखपूरला थेट रेल्वे जाते. एक दिवसाच्या वर प्रवास आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिकिटावर वय बरोबर लिहा, कारण ४५ वर्षांवरच्या बायकांना शक्य असेल तर खालचा बर्थ दिला जातो. गोरखपूरला रात्रभर विश्रांती घ्या. दुसऱ्या दिवशी तिथून सोनौलीची सीमा, ती पायी ओलांडायची, आणि पलीकडून गाडीने लुंबिनी. पुढे पोखरा, मनोकामना, काठमांडू.

नेपाळचे रस्ते घाटाचे आहेत. पोखरा ते काठमांडू अंतर दोनशे किलोमीटर, पण दिवस जातो. म्हणून छापील कागदावर एका दिवशी तीन ठिकाणं दिसली तर समजा, दोन ठिकाणं बसच्या खिडकीतूनच बघायची आहेत. आम्ही नियम केला: एक दिवस प्रवास, एक दिवस मुक्काम.

दुसरा नियम बसचा. दर दोन तासांनी गाडी थांबणार. कोणी मागो न मागो. ड्रायव्हरदादांशी हे निघण्याआधीच बोलून घेतलं. म्हणजे कोणाला हात वर करून लाजत मागावं लागलं नाही, आणि आजींनी प्रवासात पाणी प्यायलं. पाळीचे कपडे किंवा पॅड प्रत्येकीने इथूनच न्यावेत. पाळीत देवळात जायचं की नाही हे ज्याचं तिने ठरवावं, त्यावर इतरांनी बोलू नये.

तिसरा नियम जोड्यांचा. प्रत्येकीला एक जोडीदारीण. तरुण बाईबरोबर वयस्क बाई. दिवसातून तीनदा मोजणी. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आपल्या सिमला रोमिंग नसेल तर फोन बंद पडतो, म्हणून दोघींनी तरी सोय करून ठेवावी. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नेपाळची वेळ आपल्यापुढे तेवढी आहे. आणि शनिवारी तिथे सुट्टी असते, देवळांत गर्दी उसळते, म्हणून मोठी दर्शनं दुसऱ्या वारी ठेवा.

जेवण आपल्यासारखंच, डाळ-भात, भाजी, लोणचं. मोहरीच्या तेलाचा वास मात्र पहिले दोन दिवस सोसावा लागतो. भाकरीची आठवण येते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती पोखऱ्यापर्यंत पुरली.

सगळ्या सगळीकडे?

एक प्रश्न उरतो. सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं का? आम्ही ठरवलं, प्रत्येकीच्या मनातलं एक ठिकाण तिला मिळणार, आणि त्या दिवशी बाकीच्या तिच्याबरोबर जाणार. पशुपतिनाथावर श्रद्धा असलेल्या बायका लुंबिनीला आल्या, शांत बसल्या. लुंबिनीसाठी आलेल्या बायका बागमतीच्या काठावर आमची वाट बघत थांबल्या, चपला सांभाळल्या. सारंगकोटला पहाटे चारला उठायचं होतं, तेव्हा पाच जणी झोपून राहिल्या. तेही चाललं. बरोबर असणं म्हणजे प्रत्येक पावलाला बरोबर असणं नव्हे.

फेवा तलावाच्या नावेत आजी पुढे बसल्या होत्या. पाण्यात हात घालून म्हणाल्या, "गार आहे गं." एवढंच. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

आम्हाला कुठल्या कंपनीने नेलं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. कोणत्याच नाही. गाडी आणि मुक्काम आम्ही ठरवला, बाकीचं त्या तीन प्रश्नांनी ठरलं. तुम्ही कंपनीकडून गेलात तरी हरकत नाही, पण आधी घरोघरी जाऊन ते तीन प्रश्न विचारा आणि मग कंपनीला सांगा, आमची सहल अशी हवी.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गटात "माझं काही नाही" असं नेहमी कोण म्हणतं? तिला एकटीला कोण विचारेल?

२. किती जणींकडे बरोबर नावाचं मतदार ओळखपत्र आहे? नसेल त्यांचं काम कोणत्या महिन्यात करायचं?

३. आपल्या शेतीच्या कामांत दहा-बारा दिवसांची मोकळीक कधी मिळते?

४. नेपाळ नको, पंढरपूरला किंवा शेजारच्या जिल्ह्यात जायचं असलं, तरी हेच तीन प्रश्न लागू पडतात का?

तुमच्या गटाने काय ठरवलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.